सागवानाची विरळणी : झाडे तोडून लाकूड घडवण्याचा इतिहास

१/ सागाच्या रोपवनात एका हेक्टरात साधारण अडीच हजार रोपे लावली जातात. त्यांना कुंपण घातले जाते, आगीपासून जपले जाते, तण काढले जाते. मग काही वर्षांनी तोच वनविभाग कुऱ्हाड घेऊन येतो आणि त्यांतील निम्मी झाडे तोडतो. पुन्हा काही वर्षांनी उरलेल्यांतील निम्मी. अखेरच्या तोडीपर्यंत मूळ झाडांपैकी थोडकीच उभी असतात. जपलेली झाडे अशी का तोडायची, आणि त्यामुळे मागे उरलेल्या झाडांचे लाकूड सुधारते की बिघडते? या प्रश्नामागे जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्या वर्धा जिल्ह्यातून जातो.

२/ प्रथम शब्द. या कामाला मराठीत ‘विरळणी’ म्हणतात आणि तो शब्द शेतातून आला आहे. तिफणीने ज्वारी पेरली की रोपे दाट उगवतात. पंधरा-वीस दिवसांनी शेतकरी कमजोर रोपे उपटून दोन रोपांत अंतर राखतो. जिथे उगवण झाली नाही तिथे नांग्या भरतो. वनशास्त्राने हीच दोन कामे जंगलात नेली. फरक काळाचा आहे. ज्वारीची विरळणी चुकली तर चार महिन्यांत कळते. सागाची चुकली तर ती कळायला चाळीस वर्षे लागतात. तोवर निर्णय घेणारा अधिकारी निवृत्त झालेला असतो.

३/ झाडाला लागणाऱ्या या काळाची जाण आपल्याकडे जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी स्वतंत्र सूचना आढळतात. सागासारखे वृक्ष हुजुरांच्या परवानगीने तोडावेत, आंबा-फणसासारखी रयतेची झाडे बळजबरीने तोडू नयेत, कारण अशी झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत, असा त्या सूचनांचा आशय आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की यात तोडीवर नियंत्रण आहे, पण लागवड नाही. साग जंगलात आपोआप येतो आणि आपण तो जपून वापरायचा, ही त्या काळाची धारणा होती.

४/ ही धारणा मोडली ती मुंबईच्या गोदीमुळे. वाडिया घराण्यातील कारागीर तिथे मलबारच्या सागापासून युद्धनौका बांधत. १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ ही नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. ओक वृक्षांची टंचाई भोगणाऱ्या ब्रिटिश नौदलाला साग म्हणजे वरदान वाटले. त्या वरदानाची किंमत मलबारच्या जंगलांनी मोजली. १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन यांना तिथे वनसंरक्षक नेमण्यात आले, परंतु व्यापारी आणि जमीनदारांच्या तक्रारी वाढल्या व १८२३ मध्ये ते पदच रद्द झाले. तोड सुरूच राहिली.

५/ १८४० च्या दशकात मलबारचे जिल्हाधिकारी हेन्री व्हॅलेंटाइन कॉनॉली यांनी निलंबूर येथे साग लावून पाहिला. आरंभी बी रुजेना. सागाचे फळ टणक कवचाचे असते आणि ते सहजासहजी फुटत नाही. चाथू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याच्या चिकाटीमुळे १८४४ च्या सुमारास रोपे तयार करण्यात यश आले. सागाची जगातील पहिली यशस्वी मोठी लागवड म्हणून ती ओळखली जाते. तिथला ‘कॉनॉली प्लॉट’ आजही राखलेला आहे. सुमारे २.३१ हेक्टरांत ११७ वृक्षांची नोंद आहे, म्हणजे हेक्टरी साधारण पन्नास. दाट लागवडीचा शेवट किती विरळ होतो, याचे हे जिवंत उदाहरण.

६/ लागवड जमली. आता दुसरा प्रश्न आला. लावलेल्या झाडांचे करायचे काय? इथे जर्मन वनविद्येचा प्रवेश होतो. डीट्रिच ब्रँडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगूच्या सागवनांचे प्रमुख झाले आणि १८६४ मध्ये भारताचे पहिले महावननिरीक्षक. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये दुसरा आणि अधिक कडक. त्याच वर्षी डेहराडूनला वनशाळा सुरू झाली. युरोपातील वनशाळांत विरळणी हा एक स्वतंत्र विषय होता. ती लवकर करावी, वरचेवर करावी आणि एका वेळी बेताची करावी, ही तिथली शिकवण हिंदुस्थानात आली.

७/ आता वर्ध्याकडे वळू. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि १८६२ मध्ये नागपूरमधून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यात आला. जिल्ह्याचे ठाणे आधी पुलगावजवळील कवठा येथे होते; १८६६ मध्ये ते पालकवाडीच्या जागी आले आणि तिथे आजचे वर्धा शहर वसले. पुढच्याच वर्षी मुंबईहून येणारी रेल्वे पुलगाव-वर्धामार्गे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाला बाजार मिळाला. पण रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, आणि त्यांची गरज एका मैलाला सतराशेहून अधिक होती. जहाजानंतर सागाचे दुसरे गिऱ्हाईक आले होते, आणि ते पहिल्याहून भुकेले होते.

८/ वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या जमिनीचा आणि शेतीचा. जंगल उरले ते उत्तरेकडील आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातील सातपुड्याच्या लहान फाट्यांवर, हिंगणी-बोरच्या टेकड्यांवर आणि दक्षिणेला गिरडच्या बाजूला. बेसॉल्ट खडकावरची उथळ माती, ठरावीक चार महिन्यांचा पाऊस आणि कडक उन्हाळा. अशा जागी साग येतो, पण तो निलंबूरसारखा किंवा गडचिरोलीतील आलापल्लीसारखा उंच, भरदार होत नाही. वनशास्त्रात जमिनीच्या या कुवतीला ‘स्थळप्रत’ म्हणतात. स्थळप्रत उत्तम असेल तिथे पाटन-फळ्यांचे लाकूड, कनिष्ठ असेल तिथे खांब आणि बल्ल्या, असा ढोबळ हिशेब होता.

९/ म्हणून मध्य प्रांतातील अशा जंगलांसाठी निराळी पद्धत रूढ झाली. सागाची एक मोठी खुबी आहे. तो तोडला की खुंटातून पुन्हा जोमाने कोंब फुटतात. जंगलाचे लहान भाग पाडायचे, त्यांना ‘कूप’ म्हणायचे. ठरलेल्या वर्षी एक कूप तोडायचा, त्यातील निवडक चांगली झाडे राखायची आणि खुंटांच्या फुटव्यांतून नवे जंगल उभे करायचे. साधारण चाळीस वर्षांनी पाळी पुन्हा त्याच कुपावर. एका खुंटातून चार-सहा कोंब येतात. ते सगळे ठेवले तर सगळेच काटक्या राहतात. म्हणून एक-दोन राखून बाकी छाटायचे. ही विरळणीच, फक्त एका खुंटापुरती.

१०/ इथवर विरळणी म्हणजे काय ते पाहिले. ती लाकडाला नेमके काय करते, हे समजण्यासाठी झाडाच्या आत डोकावावे लागेल. साग हा प्रकाशाचा हावरा वृक्ष आहे. शेजारच्या झाडाची सावली त्याला सोसत नाही. दाटीत प्रत्येक झाड वर धावते, उंच होते, पण जाडी धरत नाही. शेंड्यावर पानांचा लहानसा तुरा राहतो आणि तेवढी पाने खोडाला पुरेसे अन्न देऊ शकत नाहीत. शेजारी काढले की तुरा रुंदावतो, पाने वाढतात आणि खोडाची वार्षिक वलये रुंद होऊ लागतात.

११/ मग दाटी वाईटच का? तसे नाही, आणि विरळणीचे सारे कौशल्य या ठिकाणी आहे. कोवळ्या वयात दाटी उपयोगी पडते. खालच्या फांद्यांना प्रकाश मिळत नाही, त्या लवकर वाळून गळतात आणि खोड सरळ, स्वच्छ राहते. जिथे फांदी होती तिथे फळीत गाठ येते. फांदी बोटाएवढी असताना गळाली तर गाठ गाभ्याच्या मध्याशी दडून राहते. मनगटाएवढी होईपर्यंत टिकली तर ती फळीवर उमटते, रंधा तिथे अडखळतो आणि तुळई तिथे कमकुवत होते. म्हणजे पहिली दहा-बारा वर्षे झाडांनी एकमेकांना वळण लावायचे असते.

१२/ विरळणी फार लवकर आणि फार जोराची केली तर तीन दोष येतात. खालच्या फांद्या जाड होतात. खोड बुंध्याशी जाड आणि वर निमुळते होते, त्यामुळे करवतीखाली लाकूड वाया जाते. आणि अचानक ऊन लागलेल्या खोडावर झोपलेले डोळे जागे होऊन धुमारे फुटतात. प्रत्येक धुमारा म्हणजे उद्याची एक बारीक गाठ. उलट विरळणी फार उशिरा केली तर तुरा इतका आकसलेला असतो की मोकळी जागा मिळूनही झाड ती भरून काढू शकत नाही. उंच, किडकिडीत खोडे पहिल्या वादळात वाकतात. गेलेली वर्षे परत येत नाहीत.

१३/ यातून रोपवनांचे वेळापत्रक जन्मले. दोन मीटर बाय दोन मीटर अंतराने लावले तर हेक्टरी २,५०० झाडे. पहिली विरळणी यांत्रिक, म्हणजे निवड न करता एकाआड एक तिरपी ओळ काढायची, उरली १,२५०. दुसरीही तशीच, उरली ६२५ आणि दोन झाडांतील अंतर झाले चार मीटर. केरळात या दोन विरळण्या चौथ्या आणि आठव्या वर्षाच्या सुमारास होतात. कोरड्या, कमी वाढीच्या जागी त्या उशिरा येतात. त्यानंतरच्या विरळण्या निवडीच्या. वाकडे, रोगट, दबलेले झाड जाते. सरळ आणि सुदृढ राहते. दोन विरळण्यांमधील काळही वाढत जातो.

१४/ किती झाडे राखावीत याचा अंदाज पूर्वी अधिकाऱ्याच्या नजरेवर होता. १९४० मध्ये लॉरी आणि बक्षी संत राम यांनी हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील सागाच्या रोपवनांची उत्पादनकोष्टके प्रसिद्ध केली. कोणत्या स्थळप्रतीच्या जमिनीवर, कोणत्या वयात, किती झाडे, किती उंची, किती घेर अपेक्षित आहे, हे त्यांत आकड्यांनी मांडलेले होते. वनाधिकाऱ्याच्या हाती एक मोजपट्टी आली. ही कोष्टके पुढे अनेक दशके भारतातील वन कार्य आयोजनांचा आधार राहिली.

१५/ आता त्या मूळ शंकेकडे येऊ. सुतार आणि लाकूडव्यापारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले की हळू वाढलेला साग मजबूत, झपाट्याने वाढलेला पोचट. विरळणीने तर वाढ वेगवान होते. मग ती लाकडाचा घात करते का? ही शंका परदेशातही होती आणि तिथे ती सर्वस्वी खोटी नव्हती. पाइन-देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षांत वलय रुंद झाले की त्यातील हलक्या, वसंतात तयार होणाऱ्या भागाचे प्रमाण बहुधा वाढते आणि लाकडाची घनता उतरते. युरोपातील बरीच वने सूचिपर्णीच. तिथला अनुभव साग पाहतानाही मनात राहिला.

१६/ पण सागाची घडण निराळी आहे. सागाच्या खोडाचा आडवा छेद पाहा. प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची एक रांग दिसते. पालवी फुटताना पाणी वर नेणाऱ्या या नलिका. त्यानंतर घट्ट, तंतुमय भाग. छिद्रांच्या पट्ट्याची रुंदी दरवर्षी साधारण सारखीच राहते. वाढ चांगली झाली तर घट्ट भाग रुंदावतो. म्हणून फार अरुंद वलयांत छिद्रांचाच वाटा मोठा होतो आणि लाकूड उलट हलके पडते. ओक आणि ॲश हेही याच जातकुळीतले. मध्यम रुंद वलयांचा साग कमजोर असण्याचे कारणच नाही.

१७/ हे केवळ तर्काने ठरले नाही. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत लाकडाचे तुकडे यंत्रात वाकवून, दाबून, फोडून त्यांची ताकद मोजण्याचे काम विसाव्या शतकात दीर्घकाळ चालले. त्यात व्ही. डी. लिमये यांचे नाव महत्त्वाचे आहे. १९५४ मध्ये त्यांनी भारतीय लाकडांची गुणधर्मांनुसार वर्गवारी प्रसिद्ध केली. या परंपरेत सागाला प्रत्येक गुणासाठी १०० मानून इतर लाकडांना गुण दिले जात. कुणाचे वजन ११०, कुणाचा टणकपणा ८०, असे. आपल्या देशात लाकडाची मोजपट्टीच साग होता. म्हणून रोपवनातील साग या मोजपट्टीला उतरतो का, हा प्रश्न साऱ्या वनविभागासाठी जीवनमरणाचा होता.

१८/ पुढे केरळातील पीची येथे १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेने हा विषय हाती घेतला. तेथील अभ्यासांचा सार असा की वाढीचा वेग आणि सागाची ताकद यांत व्यापारी समजतात तसा वैरभाव नाही. वीस-एकवीस वर्षांच्या रोपवनातील सागाची ताकदही परिपक्व सागाच्या बरीच जवळ जाते. परंतु त्याच संस्थेच्या कामातून दुसरी बाजूही पुढे आली. अतिपावसाच्या जागी घरांभोवती वाढलेल्या सागाचा गाभा फिकट असतो आणि तो बुरशीला तितका दाद देत नाही असे नाही. ताकद आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९/ टिकाऊपणाचे रहस्य मध्यकाष्ठात आहे. झाड वाढते तशा खोडातील आतल्या पेशी मरतात आणि त्यांत काही द्रव्ये साठतात. टेक्टोक्विनोनसारख्या या द्रव्यांमुळे सागाच्या गाभ्याला वाळवी लागत नाही. त्याभोवतीचे पिवळट-पांढरे रसकाष्ठ मात्र वाळवी आनंदाने खाते. बारीक बल्लीत रसकाष्ठच जास्त; जाड खोडात मध्यकाष्ठाचा वाटा वाढतो. विरळणीमुळे खोड लवकर जाड होते, म्हणजेच त्याच वयात अधिक गाभा मिळतो. पण द्रव्ये साठण्याला वेळ लागतो आणि पहिल्या वीसेक वलयांचे लाकूड कोवळेच राहते. विरळणी जाडी देते. वय देऊ शकत नाही.

२०/ हे शेवटचे वाक्य न समजल्याने १९९० च्या दशकात हजारो मध्यमवर्गीय कुटुंबे पोळली. वृत्तपत्रांत जाहिराती झळकू लागल्या. आज काही हजार रुपये भरा, आमच्या मळ्यात तुमच्या नावाने सागाची झाडे लावू, वीस वर्षांत लाखो रुपये घ्या. या योजनांचे हिशेब जुन्या जंगलातील परिपक्व सागाच्या भावाने मांडलेले होते. अनेक झाडे दाट लावून तशीच सोडली गेली, अनेक लावलीच गेली नाहीत. दशकाच्या अखेरीस कंपन्या कोसळू लागल्या आणि १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. ज्यांनी विरळणीचे वेळापत्रक एकदा पाहिले असते, त्यांना त्या जाहिरातीतील गणित लगेच खटकले असते.

२१/ लाकडाच्या प्रतीविषयी इतके झाले. परंतु विरळणीत तोडलेली झाडे जातात कुठे? इतिहासाच्या दृष्टीने हा प्रश्न अधिक बोचरा आहे. अखेरच्या तोडीचे जाड ओंडके शहराला, रेल्वेला, निर्यातीला जातात. विरळणीतून निघतात वासे, फाटे, बल्ल्या, मांडवाचे खांब, सरपण. नेमकी हीच गावाची गरज. मध्य प्रांतात जंगलातून घरगुती गरजा भागवण्याच्या गावकऱ्यांच्या वहिवाटीला ‘निस्तार’ म्हणत. म्हणजे एका जंगलातून दोन प्रकारचे लाकूड निघे आणि त्या दोन प्रकारांचे गिऱ्हाईकही दोन वेगळ्या वर्गांतले होते.

२२/ सरकारलाही ही फूट ठाऊक होती. १८९४ च्या वननीतीने जंगलांचे चार वर्ग केले. हवामान व डोंगरउतारांच्या रक्षणासाठी, व्यापारी इमारती लाकडासाठी, स्थानिकांच्या किरकोळ लाकूड-सरपणासाठी आणि चराईसाठी. कागदावर तरतूद होती; प्रत्यक्षात परवाने, शुल्क आणि दंड यांचा जाच होता. १० जुलै १९३० रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पसरला. दांडीला जे मीठ होते, ते विदर्भात गवत होते. समुद्र दूर होता. जंगल दाराशी होते.

२३/ चारच वर्षांनी, १९३४ मध्ये, अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम वर्ध्याच्या मगनवाडीतून जे. सी. कुमारप्पा पाहू लागले. १९३६ मध्ये गांधीजी शेजारच्या सेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथल्या कुट्या पाहा. माती, बांबू, लाकडी खांब, गावठी कवेलू. जाड ओंडका आणि आरागिरणी लागत नाही असे हे बांधकाम. आसपासच्या पंचक्रोशीत मिळेल त्यातूनच घर उभे करायचे ही त्यामागची अट. विरळणीतून निघणारे बारीक लाकूड कोणत्या तऱ्हेच्या घराला पुरते, याचे याहून बोलके उदाहरण जिल्ह्यात नाही.

२४/ कुमारप्पा अर्थशास्त्राचे अभ्यासक आणि पेशाने हिशेबनीस. जबलपूरच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या पुस्तकातून त्यांनी टिकाऊ अर्थव्यवस्थेची मांडणी केली. जंगलांविषयी त्यांची भूमिका स्पष्ट होती. वनव्यवस्थापन महसुलाच्या हिशेबाने न करता लोकांच्या गरजेच्या हिशेबाने व्हावे. इमारती लाकडाची जंगले दीर्घ पल्ल्याच्या नियोजनाने वेगळी राखावीत आणि सरपण-गवताची जंगले लोकांना फुकट किंवा नाममात्र दराने खुली असावीत. १८९४ च्या वर्गवारीत वाटणीची कल्पना होतीच. कुमारप्पांनी कुणाचा हक्क आधी, हा प्रश्न तिच्यापुढे ठेवला.

२५/ स्वातंत्र्यानंतर उत्तर बराच काळ उद्योगाच्या बाजूने लागले. १९७२ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने उत्पादनक्षम मानवनिर्मित वनांची शिफारस केली आणि राज्याराज्यांत वनविकास महामंडळे निघाली. महाराष्ट्राचे महामंडळ १९७४ मध्ये स्थापन झाले, मुख्यालय नागपूर. मिश्र जंगल काढून सागाची रोपवने उभी राहिली. सागाच्या जडीच्या रांगा, वेळापत्रकाप्रमाणे विरळण्या आणि आगारांत लिलाव. जिथे मोह, तेंदू, चारोळी होती तिथे एकच एक वृक्ष आला, ही टीकाही तेव्हापासूनची. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने अखेर पर्यावरणाचा समतोल आणि स्थानिकांच्या गरजा महसुलाच्या आधी ठेवल्या.

२६/ याच काळात एक उलटी अडचण उभी राहिली. १९७० मध्ये बोर अभयारण्य झाले आणि २०१४ मध्ये ते व्याघ्रप्रकल्प बनले. देशातील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी तो एक. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वन कार्य आयोजनांशिवाय तोडीला बंदी केली आणि २००० मध्ये अभयारण्यांतून वाळकी, पडकी झाडेही हलवण्यास मनाई केली. संरक्षणासाठी हे आवश्यकच होते. पण देशात अनेक ठिकाणी सागाच्या जुन्या रोपवनांची विरळणी त्यामुळे अर्धवट राहिली. दाट, किडकिडीत, एकवयीन साग आणि खाली चारा नाही. माणसाने सुरू केलेले जंगल मध्येच सोडले तर ते लगेच नैसर्गिक होत नाही.

२७/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी यात एक अनपेक्षित भेट आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाळ्यांचा मागोवा घेत आली आहे. अरुंद वलय म्हणजे बहुधा कोरडे वर्ष. पण शेजारचे झाड तोडले गेले की वलये एकाएकी रुंद होतात आणि काही वर्षे तशीच राहतात. पावसाची नोंद वाचताना हा बदल वेगळा काढावा लागतो. म्हणजे विरळणीची तारीखही खोडात लिहिली जाते. सरकारी दफ्तर जळाले, हरवले, तरी कुऱ्हाड कधी चालली हे उभे झाड सांगू शकते.

२८/ २०२३ मध्ये अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून सागवान रवाना झाले, आणि नव्या संसदभवनालाही नागपूरहून सागवान गेले. विदर्भाच्या सागाचे नाव देशभर झाले. ते जाड, गडद गाभ्याचे लाकूड अनेक दशकांच्या निगराणीतून येते. त्यांच्या बाजूला वाढून, त्यांना सरळ वळण लावून, नंतर तोडली गेलेली असंख्य झाडे कुठल्या गोठ्याचे फाटे झाली, कुठल्या घराचे वासे झाली. त्यांचा इतिहास कुठे कोरलेला नाही, म्हणून तो या धाग्यात.

२९/ जाता जाता एक काम. घरात जुनी सागवानी चौकट, पेटी किंवा पाट असेल तर त्याचा आडवा कापलेला टोकाचा भाग शोधा. छिद्रांच्या रांगा मोजा. दोन रांगांमधील अंतर म्हणजे एक वर्ष. वलये आरंभी रुंद आणि पुढे अरुंद आहेत की मध्येच एकदम रुंदावली आहेत, ते पाहा. कडेला फिकट पट्टा असेल तर ते रसकाष्ठ. वाळवीची भोके असतील तर बहुधा तिथेच असतील. फोटो काढून खाली टाका आणि वस्तू किती जुनी असल्याचे घरात सांगतात तेही लिहा. मालगुजारी जंगले आणि निस्तार यांवर स्वतंत्र धागा लवकरच. धागा समाप्त.